पॅलेट फोडू नका, उकला

नवी मुंबईत उरणजवळच्या द्रोणागिरीच्या आसपास इमारती लाकूड कधी पिकलं नाही. इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाजणं होती. तरीही आज करळ फाट्यावरून बोकडवीऱ्याच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकूड दिसत राहतं. न्यूझीलंडचं पाइन, युरोपातलं स्प्रूस, अमेरिकेचं ओक, आग्नेय आशियातलं रबरवुड. गोदामांच्या मागच्या भिंतींशी, कंटेनर यार्डांच्या कुंपणालगत, भंगाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या थप्प्या लागलेल्या असतात. ही सगळी पॅलेटं. माल ज्यावर रचतात आणि फोर्कलिफ्टचे दोन दात ज्याच्या पोटात शिरतात, त्या लाकडी चौकटी. माल पुढे जातो, चौकट मागे राहते आणि बहुतेक वेळा पहारीचे चार घाव खाऊन जळणात जाते.

या लाकडातून बाक, मांडणी, टेबल, कुंपण, आडोसा असं बरंच काही होतं. हौसेने ते करणारेही आता खूप आहेत. पण अशा वस्तूंपैकी कितीतरी पहिल्या पावसाळ्यातच डुगडुगायला लागतात, कारण लोक जोडण्याकडे लक्ष देतात आणि उकलण्याकडे देत नाहीत. माझ्या मते या कामातलं निम्म्याहून अधिक कौशल्य उकलण्यात आहे. म्हणून आधी ते पॅलेट इथवर आलं कसं ते पाहू, मग ते वाचायचं कसं, सोडवायचं कसं आणि शेवटी त्याचं काय करायचं.

इथून जवळचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिथे ७० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने तेवढी खोकी हाताळली गेली. एवढे कंटेनर धक्क्यावर मावणार नाहीत, म्हणून जहाजातून उतरलेले अनेक कंटेनर जवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, इथल्या बोलीत सीएफएसमध्ये, जातात. द्रोणागिरी नोडमध्ये अशी सीएफएस आणि गोदामं दाटीने वसली आहेत. तिथे कस्टम्सची तपासणी होते. काही कंटेनर सील तसंच ठेवून कारखान्याकडे निघतात, काही तिथेच उघडून रिकामे करतात. त्या कामाला डीस्टफिंग म्हणतात. एकाच कंटेनरमध्ये पाच-सात व्यापाऱ्यांचा माल असेल तर तो उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

पॅलेटचं माप कंटेनरच्या पोटाशी बांधलेलं आहे. कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट त्यात एक आडवं, एक उभं असं शेजारी शेजारी बसतं आणि थोडी फट उरते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशी वीस-एकवीस पॅलेटं मावतात. आपल्याकडे हेच माप सर्वांत जास्त दिसतं. युरोपचं १२०० बाय ८०० हे माप तिथल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१ साली आपसात ठरवलं. ते रेल्वेच्या डब्यांसाठी आणि ट्रकसाठी सोयीचं, कंटेनरमध्ये मात्र जागा वाया घालवतं. अमेरिकेचं माप ४८ बाय ४० इंच. थप्पीतलं कुठलंही पॅलेट टेपने मोजलं तर ते जगाच्या कुठल्या टोकाकडून आलं असेल याचा अंदाज तिथेच बांधता येतो.

मग ती टाकून का देतात? रिकामं पॅलेट परत पाठवायचं तर जहाजाचं भाडं त्याच्या किमतीहून जास्त पडतं. इथल्या निर्यातदाराला ते वापरता येईल, पण एक फळी तुटली तरी खाली फोर्कलिफ्टचा दात अडतो, वरचा माल कलतो, आणि दुरुस्तीला बसायला यार्डात कुणाला वेळ नसतो. खरं तर तुटलेल्या पॅलेटचा पहिला हक्क पॅलेट म्हणूनच दुरुस्त होण्याचा आहे. एक फळी बदलली की ते पुन्हा टनभर माल उचलतं. आपण हात घालायचा तो दुरुस्तीपलीकडे गेलेल्याला.

आणि परवानगीने. सीएफएस ही कस्टम्सच्या देखरेखीखालची जागा, तिथून गेटपासशिवाय काही बाहेर येत नाही. बाहेर पडलेलं लाकूड कंत्राटदाराकडून भंगारवाल्याकडे येतं, त्याच्याकडूनच घ्यावं. गडद निळी पॅलेटं मात्र भंगारात दिसली तरी घेऊ नयेत. तो रंग बहुधा चेप या कंपनीचा असतो. ही कंपनी पॅलेट विकत नाही, भाड्याने देते आणि परत नेते. अनुभवी भंगारवाला स्वतःच सांगतो, “साहेब, ते निळं राहू द्या, त्याचा मालक येतो.”

आता वाचायचं कसं ते. पॅलेटच्या बाजूच्या ठोकळ्यावर किंवा कडीवर डाग देऊन किंवा शाईने उमटवलेला एक चौकोनी शिक्का असतो. डाव्या बाजूला गव्हाची लोंबी, शेजारी इंग्रजी अक्षरांत देशाचा दोन अक्षरी संकेत, मग पॅलेट बनवणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची दोन अक्षरं. भारताचा संकेत आय-एन, जर्मनीचा डी-ई, चीनचा सी-एन. शिक्का शक्यतो दोन समोरासमोरच्या बाजूंना असावा. लाल आणि नारिंगी रंग टाळायचा असतो, कारण ते रंग धोकादायक मालाच्या लेबलांवर असतात.

हा शिक्का आला किड्यांमुळे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेची मेपलची झाडं आतून पोखरलेली सापडली. त्यांना चीन-कोरियाकडचा लांब मिशांचा काळा-पांढरा भुंगेरा लागला होता आणि तो तिथे पोचला होता मालाच्या लाकडी पॅकिंगमधून. पाइनची झाडं सुकवणारा एक सूक्ष्म सूत्रकृमी उत्तर अमेरिकेतून आधी जपानला गेला होता, १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये सापडला. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगमधून एका खंडाची कीड दुसऱ्या खंडाच्या जंगलात उतरत होती. म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली पंधराव्या क्रमांकाचं मानक आलं, बंदरावरच्या बोलण्यात ‘आयएसपीएम पंधरा’. भारतात आयात मालाच्या लाकडी पॅकिंगची अट २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात आहे.

शिक्क्यातली शेवटची दोन अक्षरं आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. एच-टी असेल तर लाकूड भट्टीत तापवलेलं आहे: फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग निदान ३० मिनिटं. डी-एच म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या लहरींनी तापवलेलं. एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. हा वायू ओझोनच्या थराला इजा करतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा बाकी वापर टप्प्याटप्प्याने थांबवला गेला. क्वारंटाइनच्या कामापुरती सूट राहिली. युरोपीय संघाने २०१० पासून तीही बंद केली. धुरी दिलेल्या लाकडातला बराचसा वायू उडून जातो हे खरं, पण घरातल्या वस्तूला, पोराच्या खाटेला किंवा भाजीच्या वाफ्याला मी एम-बी शिक्क्याचं लाकूड घेणार नाही, आणि कुणी घेऊही नये. एच-टी भरपूर मिळत असताना त्याची गरजच पडत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. एच-टीचं लाकूड म्हणजे ‘ट्रीटेड’, म्हणजे वाळवी लागणार नाही, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. भट्टीतून बाहेर पडताना त्या लाकडात जिवंत कीड नव्हती, इतकंच तो शिक्का सांगतो. लाकडात कसलंही औषध मुरवलेलं नसतं. उरणच्या ओल्या मातीवर ते टेकवून ठेवलं तर वाळवीला ते ताज्या पाइनइतकंच आवडतं. ज्यांच्या बाकाचे पाय वर्षात भुसभुशीत झाले, त्यांनी बहुधा या शिक्क्यावर नको तितका भरवसा टाकलेला असतो.

शिक्का नसेल तर? प्लायवूड आणि भुशाचे दाबून केलेले ठोकळे या नियमातून वगळलेले आहेत, कारण ते बनतानाच तापतात. देशांतर्गत वाहतुकीच्या पॅलेटवरही शिक्का नसतो. ती आंबा, निलगिरी अशा स्थानिक लाकडाची असतात. ती वापरायला हरकत नाही, पण तेव्हा नाकाचा उपयोग करावा. बंदरावर रसायनांचा माल खूप येतो. तेलकट डाग, रंगीत भुकटी, आंबूस किंवा बुरशीचा उग्र वास यांतलं काहीही असेल तर ते पॅलेट तिथेच सोडावं. लाकूड वास धरून ठेवतं आणि पुढे देतंही. २०१० साली अमेरिकेत एका बड्या औषध कंपनीला गोळ्यांच्या बाटल्या बाजारातून परत बोलवाव्या लागल्या, कारण बाटल्यांना कुबट वास येत होता. तो आला होता पॅलेटच्या लाकडावर मारलेल्या बुरशीनाशकातून तयार झालेल्या रसायनाचा.

शिक्का वाचून झाला की बांधणी बघायची. पॅलेटचे ढोबळ प्रकार दोन. एकात तीन लांब कड्या उभ्या ठेवून वर-खाली फळ्या ठोकलेल्या असतात; अमेरिकेकडची बहुतेक अशी. दुसऱ्यात कड्यांच्या जागी नऊ ठोकळे असतात, त्यामुळे फोर्कलिफ्ट चारही बाजूंनी शिरू शकते. युरोपचं प्रमाणित पॅलेट दुसऱ्या प्रकारचं: ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे, उंची १४४ मिलिमीटर, वजन साधारण २५ किलो, आणि पेलायचं दीड हजार किलो. पंचवीस किलोंच्या लाकडाने साठपट भार उचलायचा म्हणजे त्याची रचना विचारपूर्वकच केलेली असणार. हा भार वरून खाली, सपाट पसरून येतो. पॅलेट त्यासाठीच घडवलेलं आहे, हे पुढे भिंत उभी करताना आठवावं लागेल.

लाकूड ओळखायला फळीचं टोक बघावं. पाइनच्या टोकाला ठळक रुंद रेषा, मध्ये डिंकाचे थेंब, नख दाबलं तर खूण उमटते. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन गुजरातमध्ये गांधीधामच्या लाकूडबाजारात मोठ्या प्रमाणावर उतरतं आणि आपल्याकडची पॅकिंगची खोकी, पॅलेटं त्याचीही बनतात. ओक जड, करडं-तपकिरी, त्यात खिळा सहजी शिरत नाही. आग्नेय आशियातून येणाऱ्या पॅलेटमध्ये मात्र एका चौकटीत तीन-चार जातींचं लाकूड सापडतं, त्यातली एखादी फळी इतकी गर्द आणि घट्ट असते की रंधा मारल्यावर ती पॅलेटवर कशी आली याचं नवल वाटावं. अशा फळ्या वेगळ्या काढून ठेवाव्यात.

आता सोडवणं. पॅलेटचे खिळे साधे नसतात. त्यांच्या अंगाला पीळ असतो किंवा गोल खाचा कोरलेल्या असतात, म्हणजे हादऱ्यांनी ते सुटू नयेत. हा पीळच आपला विरोधक. फळीच्या टोकाखाली पहार घालून जोराने उचकटलं की खिळा लाकडाला धरून बसतो आणि फळी खिळ्यापासून टोकापर्यंत उभी चिरते. भंगाराच्या शेडमध्ये बहुतेक लाकूड असंच वाया जाताना दिसतं. माणसाच्या अंगात ताकद असते, लाकडात दोष नसतो, पण जोर चुकीच्या जागी लागतो.

सोडवायचे दोन मार्ग आहेत. पहिला कापण्याचा. पॅलेट उभं करून फळी आणि कडी यांच्यामधल्या सांध्यात धातू कापायचं लांब ब्लेड घालायचं, मशीनच्या करवतीने किंवा धीर असेल तर हाताच्या हॅक्सॉ ब्लेडने. खिळा सांध्यातच कापला जातो. त्याचं डोकं फळीत राहतं, शेपूट ठोकळ्यात. फळी अजिबात चिरत नाही. डोकं मागून सुंभ्याने ठोकून काढता येतं, किंवा तसंच ठेवलं तर गंजाचा काळा ठिपका शोभेल अशा ठिकाणी शोभतोही. फर्निचरसाठी हाच मार्ग चांगला.

दुसरा मार्ग उचलण्याचा. त्यासाठी पॅलेट पालथं घालून कड्यांखाली दोन विटा द्यायच्या, म्हणजे फळ्या मोकळ्या लोंबतील. फळीवर, कडीला अगदी चिकटून, लाकडाचा एक तुकडा धरायचा आणि त्या तुकड्यावर हातोडा मारायचा. फळीवर थेट कधीच मारायचा नाही. एका टोकाला दोन घाव, मग मधल्या कडीशी दोन, मग दुसऱ्या टोकाला. पुन्हा पहिल्यापासून. दर फेरीला फळी दोन-तीन मिलिमीटर सुटते. घाईने एकच टोक पूर्ण सुटं केलं तर दुसऱ्या टोकाला सगळा पीळ पडतो आणि तिथे चीर जाते. फट बोटभर झाली की टॉमीची, म्हणजे लहान पहारीची, चपटी बाजू खिळ्याच्या अगदी शेजारी घालायची आणि दाबायची. खिळा लांब कण्हल्यासारखा आवाज करत वर येतो. तो आवाज येत असेल तर काम नीट चाललं आहे. कोरडा ‘फाट’ आवाज आला तर हात थांबवून जागा बदलायची.

फार चिवट पॅलेट असेल तर तिसरी तोड आहे: दोन्ही बाहेरच्या कड्यांच्या आतून फळ्या करवतीने सरळ कापून टाकायच्या आणि फक्त मधल्या कडीचे खिळे काढायचे. फळी आखूड मिळते, पण धड मिळते. चिरलेल्या लांब फळीपेक्षा धड आखूड फळी केव्हाही चांगली.

मग खिळे. फळी उलटी करून खिळ्याच्या टोकावर हलके ठोकायचं, डोकं दुसऱ्या बाजूने वर आलं की हातोड्याच्या नखीत धरून ओढायचं. सगळे निघाले असं वाटल्यावर एक जाड लोहचुंबक फळीभर फिरवायचं. एकच तुटका खिळा राहिला तर तो रंध्याच्या पात्याला खाच पाडतो, मशीनच्या रंध्यात गेला तर ठिणगी उडते आणि तुकडा उडाला तर डोळा जातो. जाड तळाचे बूट, हातमोजे, चष्मा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं असणं ही या कामाची पूर्वतयारी आहे. भुशासाठी तोंडावर मास्कही हवा, कारण बंदरावरून आलेल्या लाकडावर कुठली धूळ बसलेली असेल सांगता येत नाही. आधी ब्रश आणि पाण्याने धुऊन सावलीत सुकवावं. फळ्या एकावर एक रचताना मध्ये आडव्या काड्या द्याव्यात, वारा खेळू द्यावा. कडक उन्हात टाकलेली फळी वाकते.

सुकल्यावर रंधा. पॅलेटची फळी बहुधा १८ ते २२ मिलिमीटर जाडीची असते. दोन्ही बाजूंनी रंधून, घासून हातात १५-१६ मिलिमीटर उरतात. पुढच्या सगळ्या मापांचा विचार या आकड्यापासून करायचा. एवढ्या जाडीची पाइनची फळी पुस्तकांच्या मांडणीला वापरली तर दोन आधारांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर ती मध्ये झोळ टाकते. बसायच्या बाकाला फळीखाली दर दीड फुटाला आडवी कडी हवी. त्या कड्या आणि पाय पॅलेटच्याच कड्यांतून निघतात. टोकाजवळ स्क्रू मारायच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्यावं. जुनं सुकं पाइन टोकाला चिरायला टपलेलं असतं.

उरण-द्रोणागिरीची हवा या लाकडाला सोपी नाही. खाडीचा खारा वारा, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. साधे लोखंडी स्क्रू दोन वर्षांत गंजून सांधा सैल करतात. एसएसचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. उघड्यावरच्या बाकाच्या फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळतं आणि फळी रुंदीला फुगली तरी शेजारणीला ढकलत नाही. पाय कधीही मातीत टेकवू नयेत, खाली कोब्याचा किंवा दगडाचा तुकडा द्यावा. पायांच्या तळाला, म्हणजे लाकडाच्या आडव्या कापाला, सगळ्यात जास्त तेल पाजावं, कारण पाणी तिथूनच वर चढतं. घरात अळशीचं तेल पुरतं. बाहेरसाठी काजूच्या टरफलाचं तेल आहे. होड्यांच्या लाकडाला ते लावायची कोकणपट्टीत जुनी पद्धत आहे, त्याने लाकूड काळपट होतं पण वाळवी आणि पाणी दोन्ही लांब राहतात. ते कातडी भाजतं, म्हणून हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.

एखाद्या टाकाऊ फळीतून देखणी वस्तू होऊ शकते का, ही शंका फार जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे. हॉलंडच्या खेरिट रिटवेल्ट या वास्तुकाराने १९३४ साली पॅकिंगच्या खोक्यांच्या साध्या फळ्यांपासून खुर्ची केली. लपवलेला सांधा नाही, पॉलिश नाही, फळी कुठे संपते आणि कुठे जोडली आहे ते सरळ दिसतं. मंदीच्या काळात ती कापलेल्या फळ्यांच्या संचाच्या रूपात विकली जायची, घरी नेऊन जोडायची. १९७४ मध्ये इटलीच्या एन्झो मारीने याच्या पुढचं पाऊल टाकलं. साध्या फळ्या आणि खिळे यांतून कुणालाही करता येतील अशा टेबल, खाट, खुर्च्यांचे आराखडेच त्याने लोकांना दिले. एखादी वस्तू आपल्या हाताने ठोकून बघितली की बाजारातली वस्तू पारखायची नजर येते, असं त्याचं मत होतं. पॅलेटच्या कामाला बसणाऱ्याने या दोघांची कामं बघावीत. त्यांत लाकडावर काही लादलेलं नाही.

आपल्याकडे कलेत जुन्या लाकडाला मोठा मान सुदर्शन शेट्टी यांनी दिला. त्यांचं ‘शून्य घर’ हे मोठं रचनाशिल्प २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलं गेलं. त्यातले खांब, चौकटी जुन्या घरांच्या उतरवलेल्या लाकडातून घडवलेल्या होत्या. आणि द्रोणागिरीहून फार लांब नाही, बेलापूरला, पिंकिश शाह आणि शिल्पा गोरे-शाह या वास्तुकारांनी बांधलेलं ‘कोलाज हाउस’ आहे. पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या एकत्र जोडून त्याची दर्शनी भिंत उभी केली आहे, शंभर वर्षांहून जुन्या घराचे खांब अंगणात लावले आहेत, आणि जुन्या बर्मा सागाच्या वाशांची जमीन केली आहे. त्या घरात पॅलेट नाही. तरी इथे त्याचा उल्लेख करायचा, कारण तिथे प्रत्येक जुना तुकडा त्याच्या मापाने बसवलेला आहे. हीच नजर पॅलेटला लागते.

पॅलेटची अख्खी इमारत? झाल्या आहेत. १९९९ मध्ये कोसोव्होच्या निर्वासितांसाठी निवारा सुचवण्याची एक स्पर्धा झाली. न्यूयॉर्कच्या आय-बीम या दोन वास्तुकार स्त्रियांच्या संस्थेने पॅलेटचं घर मांडलं. कल्पना फार समंजस होती: मदतीचं धान्य, औषधं पॅलेटवरूनच येतात, तेव्हा घराचं सामान आपोआप पोचतं. आधी नुसती चौकट उभी करून वर ताडपत्री टाकायची, मग हळूहळू फळ्यांच्या पोकळीत दगड, माती, जे मिळेल ते भरून लिंपायचं. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्याला शेणमातीचा गिलावा देतात, त्याची रीत याहून वेगळी नाही. काडी आकार देते, माती वजन आणि गारवा देते. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात २०१२ च्या डिसेंबरमध्ये तीन हजारांहून अधिक पॅलेटं रचून स्वयंसेवकांनी एक सार्वजनिक मंडप उभा केला. तिथे गाणी-बजावणी झाली, बाजार भरला आणि २०१४ मध्ये तो उतरवला गेला.

पण ही उदाहरणं पाहून कुणी परसात दोन मजली शेड उभारायला घेऊ नये. आधी म्हटलं तसं, पॅलेट आडवं असताना बलवान असतं. उभं करून भिंत केली की वजन फळीवर न येता खिळ्यांवर येतं आणि वाऱ्याने चौकट तिरकी होऊ लागते. कोपऱ्यात तिरपे दांडे दिल्याशिवाय, खाली कोब्याला लोखंडी पट्टीने बांधल्याशिवाय ती भिंत वादळात राहणार नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर काय केलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. छपराला पॅलेट वापरूच नये. आगीचाही विचार हवा: पॅलेटच्या फटीफटीतून हवा खेळते, त्यामुळे थप्पी एकदा पेटली की फार वेगाने जळते. म्हणून साठा घरापासून दूर, आणि भिंतीत वापरलंच तर पोकळ्या मातीने भरून. परसातल्या कुंपणाला, कोंबड्यांच्या खुराड्याला, मांडवाच्या चौथऱ्याला, रोपवाटिकेच्या मांडणीला पॅलेट अख्खंच वापरता येतं आणि तेच उत्तम.

बोकडवीरा, फुंडे, नवघर, पागोटे या गावांभोवती एवढं लाकूड पडलेलं असताना देवळापुढच्या पारावर, शाळेच्या व्हरांड्यात, एसटीच्या थांब्यावर बसायला बाक नसावेत हे मला मनापासून खटकतं. त्यासाठी कारखाना लागत नाही. एक पत्र्याची शेड, दोन जण सोडवणारे, एक जण खिळे काढणारा, एक सुतार आणि गोदामवाल्यांशी ठरवून घेतलेलं एक साधं बोलणं: तुटलेली पॅलेटं फोडू नका, एका बाजूला शिक्का दिसेल अशी ठेवा, डागाळलेली वेगळी ठेवा. एवढी निवड गोदामाच्या दारातच झाली तर पुढचं अर्धं काम वाचतं.

शेवटी उरतात ते ठोकळे, चिरलेल्या फळ्या, भुसा आणि खिळे. भरीव लाकडाचे ठोकळे बाकाचे पाय होतात, कुंड्यांखाली लागतात, लहान मुलांना खेळायला घासून देता येतात. भुशाचे दाबलेले ठोकळे पाणी लागलं की फुगून विरघळतात, ते घरातच कोरड्या जागी वापरावेत. एच-टी शिक्क्याच्या, डाग नसलेल्या लाकडाचा भुसा शेणखतात थोडा थोडा मिसळता येतो. रंग लागलेला, एम-बीचा किंवा बिनशिक्क्याच्या संशयित लाकडाचा भुसा खतातही घालू नये आणि चुलीतही. खिळे डब्यात साठवून भंगारात किलोवर जातात. वाकडे खिळे सरळ करून पुन्हा ठोकण्याचा मोह मात्र टाळावा. पीळ असलेला खिळा एकदा निघाला की त्याची पकड गेलेली असते.